गच्चीवरचा पट : डिस्क गोल्फच्या पटिंगची पद्धत ठरवतानाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

येत्या मे महिन्यात अमेरिकेत शार्लटला भाच्याकडे जाणे ठरले आहे. त्या शहरात डिस्क गोल्फची, म्हणजे फ्रिस्बीसारखी डिस्क कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकण्याच्या खेळाची, मैदाने भरपूर आहेत. २०१२ ची व्यावसायिक जागतिक स्पर्धाही तिथेच झाली होती. लांबची फेक मला बऱ्यापैकी जमते, कारण जुहूच्या वाळूवर काही वर्षे अल्टिमेट, म्हणजे फ्रिस्बीचा सांघिक खेळ, खेळलो आहे. पण बास्केटच्या जवळ आल्यावर डिस्क आत टाकणे, म्हणजे पटिंग (अशी प्रत्येक फेक म्हणजे एक पट), मी कधीही शिस्तीने शिकलेलो नाही, आणि गुण तिथेच जातात. त्यामुळे एक पद्धत निवडायची आणि तिचाच सराव करायचा, एवढेच या हिवाळ्याचे काम आहे. मुंबईत घरच्या घरी हे करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवत आहे.

तपासायच्या पद्धती तीन आहेत. स्पिन पटमध्ये डिस्क पोटाजवळ आणून मनगटाच्या झटक्याने सोडतात. ती जोरात फिरते आणि सपाट जाते. पुश पटमध्ये मनगट जवळजवळ स्थिर राहते, जोर पायांतून येतो आणि हात खालून वर सरळ जातो. डिस्क कमी फिरते आणि कमान घेऊन साखळ्यांवर उतरते. तिसरी स्ट्रॅडल, म्हणजे एक पाय पुढे ठेवण्याऐवजी दोन्ही पाय बाजूला फाकवून उभे राहणे. ती खरे तर उभे राहण्याची रीत आहे, फेकण्याची नाही, पण तिचा परिणाम फेकीवर होतोच.

जागा म्हणजे दादरमधील आमच्या इमारतीची गच्ची. शिवाजी पार्क हाकेच्या अंतरावर असले तरी तिथे पहाटेपासून क्रिकेटचे नेट आणि फेरफटका मारणाऱ्यांची रीघ असते, त्यामुळे रोजच्या सरावासाठी ते कामाचे नाही. गच्चीवर पाण्याच्या टाक्या सोडून कर्णाने मोजले तर १० मीटरपेक्षा थोडे अधिक अंतर मिळते. या खेळाच्या नियमांत पटिंगचे क्षेत्र बास्केटभोवती १० मीटरचेच असल्याने तेवढे पुरेसे आहे.

१३ ऑक्टोबर

तयार बास्केट बाहेरून मागवण्याचा खर्च, वाहतूक आणि आयात शुल्क धरून, परवडणारा नव्हता. म्हणून धारावीतील एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतली. मधला खांब दीड इंची जीआय पाइपचा, वरचे कडे आणि खालची टोपली आठ मिलिमीटर सळईची, आणि खांब उभा राहण्यासाठी स्कूटरच्या जुन्या टायरमध्ये ओतलेले काँक्रीट. लोखंड, साखळी आणि मजुरी मिळून साडेचार हजारांच्या आसपास खर्च आला. दसऱ्याला दुकानात यंत्रांची पूजा होती, म्हणून काम दोन दिवस लांबले.

टोपलीचा काठ जमिनीपासून साधारण ८२ सेंटिमीटरवर असावा लागतो. मिस्त्रींनी तो ९० वर जोडून ठेवला होता. विचारल्यावर म्हणाले, "साहेब, रेलिंगला आम्ही नव्वदच धरतो. आठ सेंटिमीटरने काय होणार आहे?" बरेच काही होते. पुश पटची सगळी कमान त्या काठाच्या हिशोबाने बसवायची असते, आणि उंच काठावर सराव झाला की खऱ्या बास्केटवर डिस्क साखळ्यांच्या वरच्या पट्ट्याला लागते. खांब खालून कापून घेतला. बनवून घेणाऱ्याने उंचीचा आकडा कागदावर लिहून द्यावा आणि तो टायरमध्ये काँक्रीट भरल्यानंतर जमिनीपासून मोजायचा आहे, हे स्पष्ट सांगावे. काँक्रीटवर आठवडाभर पाणी मारावे लागले. तेवढे दिवस बास्केट खालीच होती.

२० ऑक्टोबर

साखळी चुकली. किलोवर मिळते म्हणून वजन वाचवायला तीन मिलिमीटरची घेतली होती आणि एकच थर लावला होता. मधोमध लागलेली डिस्क सरळ आरपार जाऊन मागच्या कठड्यावर आदळत होती. साखळीचे काम डिस्कला अडवणे नसून तिचा वेग शोषून तिला खाली पाडणे हे आहे, आणि त्यासाठी कड्यांना वजन लागते. आधीच्या काळात झाडे आणि खांब हेच लक्ष्य असे आणि डिस्क लागली की नाही यावर वाद होत. एड हेड्रिक यांनी साखळ्यांची बास्केट तयार करून १९७७ मध्ये तिचे पेटंट मिळवले, तेव्हा तो वाद मिटला. मी मात्र साखळी ठेवून तिचे वजन काढून घेतले होते. आता पाच मिलिमीटरची साखळी आत आणि बाहेर अशा दोन थरांत लावली आहे. हजारभर रुपये आणखी गेले.

दुसरी अडचण आवाजाची. सकाळी सहा वाजता साखळ्या वाजू लागल्यावर सेक्रेटरी वर आले. "अहो, खालच्या मजल्यावरच्या आजींना वाटलं, टाकीचा पाइप तुटला." साखळीऐवजी नायलॉनची दोरी लावून पाहिली, ती इतकी हलकी की डिस्क तिच्यातून पडद्यातून जावी तशी निघून गेली. शेवटी तडजोड अशी झाली की सातच्या आधी साखळ्या वर गुंडाळून बांधायच्या, खांबाला लाल फडके बांधायचे आणि मागे जुनी चादर टांगायची. टायरखाली रबराची चटई घातली. ती आवाजासाठी कमी आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी जास्त आहे. फडक्यावर नेम धरण्याचा एक फायदा अनपेक्षित निघाला. साखळ्यांचा सगळा पसारा समोर असला की नजर कुठेच ठरत नाही. चार बोटे रुंदीचे फडके समोर असले की ठरते. पुढे साखळ्या सोडल्यावरही मी त्यांतली एकच कडी बघू लागलो.

कठड्याच्या आतून कबुतरांसाठीची जाळी लावून घेतली. ती नसती तर पहिल्याच आठवड्यात डिस्क रस्त्यावर आणि मी पोलीस चौकीत असतो.

२७ ऑक्टोबर

सुरुवात स्पिन पटने केली, कारण अल्टिमेटमुळे मनगट आधीच तयार होते. पाच मीटरपर्यंत डिस्क छान बसते. त्यापुढे गेल्यावर ती सतत उजवीकडे जात होती. मी उजव्या हाताने खेळतो, त्यामुळे उजवीकडे जाणे याचा अर्थ डिस्क उशिरा सुटते आहे. मोबाइल तिपाईवर ठेवून संथ गतीने चित्रित केले तेव्हा कारण दिसले. तर्जनी काठाला लावून धरायची सवय होती. बाकीची बोटे उघडल्यावरही ती एकटी काठ पकडून राहत होती आणि डिस्कला ओढून घेत होती. चारही बोटे खालच्या बाजूला पंख्यासारखी पसरून, अंगठा वरच्या पृष्ठावर काठापासून थोडा आत ठेवून धरल्यावर डिस्क सरळ सुटू लागली. जोर मात्र कमी झाला, तो परत मिळवायला आठवडा गेला.

शिवाय गच्चीवर चायना मोझॅकच्या तुटक्या टाइल्स आहेत. चुकलेली डिस्क घसरत जाते आणि तिच्या काठाला बारीक कुसे उठतात. ती बोटाला टोचतात आणि सुटताना अडकतात. नियमांत अशी खरवड गुळगुळीत करण्याची मुभा आहे, म्हणून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने काठ घासून घेतला आणि बास्केटच्या मागे जुनी सतरंजी पसरली. दोन्ही पटर, म्हणजे पटिंगच्या डिस्क, इनोव्हा कंपनीच्या एव्हिआर साच्याचे, १७० ते १७५ ग्रॅम वजनाचे आणि साध्या प्लास्टिकचे आहेत. महागडे चकचकीत प्लास्टिक अधिक टिकते, पण घामेजल्या हातात निसटते आणि साखळ्यांवरून उसळते, असे माझे मत झाले आहे. एकाच साच्याचे दोन घेतले हे योग्य झाले.

४ नोव्हेंबर

दिवाळीत सराव जवळजवळ नाही. ऑक्टोबरचा उकाडा अजून सरलेला नाही आणि हात कोरडे राहत नाहीत. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने कॅरमची पावडर लावली. ती सोंगटी सरकावी म्हणून असते, पकड यावी म्हणून नव्हे. पुढचे तीन पट थेट टाकीकडे गेले. जिममध्ये वापरतात तो खडू आणि कमरेला सुती पंचा, एवढे पुरते. डिस्क उन्हात ठेवू नयेत. साधे प्लास्टिक दुपारपर्यंत इतके मऊ होते की काठ दाबला जातो.

१७ नोव्हेंबर

पुश पट. सवयीचे मनगट बंद ठेवणे हेच सर्वांत कठीण होते. हात सैल ठेवून डिस्क गुडघ्यांच्या मधोमध खाली न्यायची, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर घेत वर यायचे आणि हात बास्केटच्या दिशेने सरळ संपवायचा. हालचाल वरच्या फळीवर ताट सरकवल्यासारखी. सुरुवातीला डिस्क डगमगत होती, कारण कमी फिरवणे आणि अजिबात न फिरवणे यांत फरक आहे. शेवटच्या क्षणी बोटे आपोआप उघडू दिली की पुरेसे फिरणे मिळते, मनगट वळवावे लागत नाही.

दुसरी गडबड वेळेची होती. वजन पुढच्या पायावर पोहोचण्याआधीच हात निघत होता, मग सगळा जोर खांद्यातून येई आणि डिस्क बास्केटच्या अलीकडे पडे. मागच्या पायाची टाच उचलली जाईपर्यंत हात खालीच ठेवायचा, अशी खूण ठरवली. त्यानंतर सहा मीटरपर्यंत डिस्क सुरेख उतरू लागली. आठ मीटरवर अजूनही धाप लागते.

१ डिसेंबर

स्ट्रॅडल. भाच्याचा आग्रह होता, कारण शार्लटची बरीच मैदाने झाडीतली आहेत आणि डिस्क खोडामागे जाऊन पडली की एक पाय पुढे टाकून उभे राहायला जागाच नसते. पायांतून वजन पुढे नेता येत नसल्यामुळे माझा पल्ला सरळ उभ्या स्थितीपेक्षा दीड-दोन मीटरने कमी भरतो. त्या बदल्यात शरीर डावी-उजवीकडे झुकत नाही आणि दिशा उत्तम राहते.

एक गोष्ट सरावात सहज सुटते. नियमाने डिस्क सोडताना आधाराचा एक बिंदू मार्करच्या (आधीची डिस्क जिथे पडली ती जागा दाखवणाऱ्या खुणेच्या) मागच्या २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब पट्ट्यात असावा लागतो, आणि जमिनीला टेकलेला कोणताही अवयव मार्करच्या पुढे असून चालत नाही. स्ट्रॅडलमध्ये त्या पट्ट्यात एकच पाऊल असते, म्हणजे हात मार्करच्या रेषेवर नसून हातभर बाजूला असतो. मी दोन पायांच्या मधोमध मार्कर ठेवून सराव करत होतो, जे खेळात चालणारच नाही. आता खडूने गच्चीवर तो आयत आखला आहे, आणि डावे पाऊल आत, मग उजवे आत, असे आलटून पालटून करतो.

१५ डिसेंबर

आजवर किती पट बसले हेच लिहीत होतो आणि त्यावरून काहीच ठरत नव्हते. एका दिवशी स्पिन पुढे, दुसऱ्या दिवशी पुश. कारण आज लक्षात आले. एकाच जागेवरून लागोपाठ फेकताना दुसऱ्या-तिसऱ्या फेकीपर्यंत हात स्वतःला सुधारून घेतो; खेळात ती सोय नसते, तिथे एका जागेवरून एकच पट मिळतो. म्हणून प्रत्येक गटातील फक्त पहिली फेक नोंदवायची, आणि दोन फेकींमध्ये चालत जाऊन अंतर बदलायचे, असे ठरवले. सरावाचा वेग निम्म्यावर आला, पण वहीतले आकडे पहिल्यांदा खेळाशी जुळणारे वाटले.

त्याहून महत्त्वाचा बदल म्हणजे हुकलेल्या डिस्क कुठे थांबतात ते खडूने आखू लागलो. स्पिनसाठी निळा, पुशसाठी पिवळा. आठवडाभर न पुसता ठेवल्यावर गच्चीवर जे चित्र उमटले ते असे: पिवळ्या खुणा बास्केटच्या पायाशी, फार तर दोन पावलांवर, आणि बऱ्याचशा अलीकडे, निळ्या खुणा जवळजवळ सगळ्या मागच्या जाळीखाली. जाळी नसती तर त्या कुठे गेल्या असत्या, हा खरा प्रश्न आहे. सात मीटरवरून हुकलेला स्पिन पट मागे सहा-सात मीटर तरंगत गेला, तर परतीचा पट पहिल्याइतकाच कठीण राहतो, आणि तोही हुकला तर एका चुकीचे दोन फेकींचे नुकसान होते. पुश हुकला तर पुढचा पट हात लांबवून टाकता येतो.

त्यामुळे निवडीचा निकष मी बदलला आहे. दोन्ही पद्धती सहा मीटरच्या आत सारख्याच बसतात. फरक फक्त हुकल्यानंतर काय उरते यात आहे. जी पद्धत हुकल्यावर कमी नुकसान करते तीच घ्यायची. ज्यांच्याकडे जाळी किंवा भिंत आहे त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण मागची भिंत स्पिन पटच्या चुका झाकून ठेवते.

२९ डिसेंबर

गच्चीवर कठड्यामुळे वारा कळत नाही, म्हणून बास्केट टॅक्सीच्या कॅरियरवर बांधून दादर चौपाटीवर नेली. टॅक्सीवाल्याने काँक्रीटचे टायर पाहून भाड्यावर पन्नास रुपये वाढवले, ते योग्यच होते. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा असतो आणि दुपारनंतर तो समुद्रावरून येतो. चारच्या सुमारास पश्चिमेकडे तोंड करून टाकलेला पुश पट डोळ्यांदेखत वर उचलला गेला आणि बास्केटच्या वरून निघून गेला. समोरच्या वाऱ्यात उचल वाढते. पाठीमागून वारा असला की ती घटते आणि तीच डिस्क काठाखाली बुडते. कमी फिरणारी, कमानीत जाणारी डिस्क वाऱ्याला तिचे पोट दाखवते. इथे स्पिन पट स्पष्टपणे सरस होता.

आडव्या वाऱ्यातही थोडा वेळ घातला. माझा पट डावी कड किंचित खाली ठेवून जातो, म्हणजे डिस्कचा खालचा भाग उजवीकडे उघडा असतो. उजवीकडून आलेला वारा तिला उचलून डावीकडे नेतो. डावीकडून आलेला तिला वरून दाबतो. पहिल्यात नेम खाली आणि उजवीकडे, दुसऱ्यात वर. हे वाचून माहीत होते, पण वाळूवर डिस्क तीन हात बाजूला पडेपर्यंत हाताला पटले नव्हते.

समुद्राकडच्या उतारावर आणखी एक गोष्ट दिसली. जोराने जाऊन कडेवर उभी पडलेली डिस्क पाण्यापर्यंत चाकासारखी घरंगळत गेली; कमानीतून सपाट उतरलेली जिथल्या तिथे राहिली. भाचा सांगतो त्याप्रमाणे तिकडची मैदाने चढउताराची आहेत, म्हणजे पंधरा तारखेचा निकष तिथे अधिकच लागू पडतो.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. गच्ची पतंगवाल्या मुलांची. जाळीत अडकलेला मांजा काढण्यात सकाळ गेली.

२६ जानेवारी

निर्णय पुशचा, पण निव्वळ पुश नव्हे. सहा मीटरपर्यंत मनगट स्थिर; त्यापुढे हालचाल तीच ठेवून शेवटी थोडे मनगट मिळवायचे. तिकडचे खेळाडू या मिश्रणाला स्पुश म्हणतात. दोन वेगळ्या हालचाली शिकून अंतराप्रमाणे निवड करण्याचा प्रयोग केला होता आणि तो सोडला, कारण सहा आणि सात मीटरच्या मध्ये उभा राहिलो की हाताला काय करायचे तेच कळेना. समोरच्या वाऱ्यासाठी हालचाल बदलायची नाही. डिस्कचे नाक, म्हणजे पुढची कड, किंचित खाली, कमान चपटी आणि जोर थोडा जास्त.

भाच्याला चित्रीकरण पाठवले होते. त्याचा फोन आला. "मामा, पट सोड, पाय बघ. डिस्क सुटली की तू लगेच पुढे पाऊल टाकतोस."

"अरे, डिस्क तर तोवर आत गेलेली असते."

"गेली तरी दंड बसतो. दहा मीटरच्या आत आहेस."

त्याचे म्हणणे बरोबर आहे. त्या क्षेत्रात डिस्क सोडल्यावर मार्करच्या मागे तोल पूर्ण सावरला आहे हे दाखवूनच पुढे जाता येते, नाहीतर एका फेकीचा दंड. पायांतून जोर घेणाऱ्या पद्धतीत हा धोका जास्त, कारण शरीर पुढेच ओढले जात असते. मागचा पाय हवेत ठेवून पुढच्या पायावर थांबायचे आणि साखळ्यांचा आवाज पूर्ण विरल्यावरच हलायचे, अशी सक्ती स्वतःवर घातली. आठ मीटरवर पहिले दोन आठवडे डोलत होतो. पुढच्या पावलाचा अंगठा थोडा बाहेर वळवल्यावर फरक पडला. चप्पल घालून हा सराव करू नये. पट्टा पुढे सरकतो आणि तोल गेल्याचा दोष पद्धतीला लागतो.

९ मार्च

उकाडा परतला आहे आणि सकाळी साडेआठनंतर गच्ची तापते. सध्याचा क्रम असा: आधी तीन मीटरवरून, केवळ हात सुटण्यासाठी, मग पाच, सात आणि नऊ मीटर उलटसुलट, एका जागेवरून एकच पट, शेवटी काठीला अडकवलेली मोठी प्लास्टिकची कुंडी खोड समजून तिच्या दोन्ही बाजूंनी स्ट्रॅडल. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ घालवल्यास मांड्या थकतात, टाच उचलण्याआधी हात निघू लागतो आणि नोव्हेंबरमधली चूक परत येते. ती दिसू लागली की थांबायचे.

सात मीटरवरची पहिली फेक आता हुकते त्यापेक्षा जास्त वेळा बसते. नऊ मीटरवर तसे म्हणता येणार नाही, आणि मेपर्यंत येईल असेही वाटत नाही; तिथून बास्केटच्या पायाशी डिस्क ठेवणे हेच उद्दिष्ट धरले आहे.

साखळ्यांच्या जोडावर खारट हवेने गंज धरला आहे, विशेषतः जिथे वेल्डिंगने जस्ताचा थर जळाला तिथे. घासून झिंकचा रंग दिला. पावसाळ्यात बास्केट जिन्याखाली ठेवण्याची परवानगी सेक्रेटरींकडे लेखी मागितली असून, साखळ्या काढून गोणत्यात भरून ठेवण्याच्या अटीवर ती मिळाली आहे.